आधी सांगा, बिल कुणाच्या नावाचं?

गेल्या दिवाळीपासून मला एकाच छापाचे फोन यायलेत. "सर, ॲमेझॉनसारखी साइट करायचीय, फक्त आपल्या मराठवाड्याच्या मालाची. सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?" फोन करणारा कधी शेतकरी उत्पादक कंपनीचा संचालक असतो, कधी बचतगटाच्या ताई, कधी पुण्यात नोकरीला असलेला आणि गावासाठी काहीतरी करायचं मनावर घेतलेला पोरगा. मी लातुरात जीएसटीची रिटर्नं भरतो, लोकांची टॅली सांभाळतो आणि त्याच्याच जोडीला ऑनलाइन दुकानं उभी करून द्यायचं काम करतो. कोड आमची पोरं लिहितात, हिशोब मी बसवतो. त्यामुळं सॉफ्टवेअरच्या प्रश्नावर मी उलटा प्रश्न टाकतो: गिऱ्हाइकाच्या हातात जे बिल पडणार, ते कुणाच्या नावाचं?

पलीकडं जरा शांतता. मग, "ते काय, नंतर बघू की."

ते नंतर बघता येत नाही. थीम नंतर बदलता येते, लोगो बदलता येतो. बिल कुणाचं हे मात्र सॉफ्टवेअरच्या मुळाशी असतं. ऑर्डर कशी फुटते, पैसे कुणाच्या खात्यावर जातात, कर कोण भरतं, परत आलेला माल कुणाच्या माथी, हे सगळं त्या एका उत्तरावर ठरतं.

माझे वडील मार्केट यार्डात आडतीवर दिवाणजी होते, म्हणून मी हे आडतीच्याच भाषेत समजावतो. लातुरात ते लगेच पटतं. दुकानदार माल विकत घेतो, तो त्याचा होतो, मग तो आपल्या नावानं विकतो. नफा त्याचा, तोटाही त्याचा. आडत्याचं तसं नाही. शेतकऱ्याचं सोयाबीन पोत्यात शेतकऱ्याचंच असतं. आडत्या सौदा लावतो, काटा करतो आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात पट्टी देतो: इतके क्विंटल, इतका भाव, हमाली इतकी, तोलाई इतकी, हातात इतके. मल्टिव्हेंडर सॉफ्टवेअर, ज्यात एकाच साइटवर अनेक विक्रेते आपापला माल विकतात, ते म्हणजे आडत. ज्या सॉफ्टवेअरला नीट पट्टी काढता येत नाही ते मल्टिव्हेंडर नाही, मग जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

जीएसटीवाल्यांनाही हाच प्रश्न पडला होता. एजंट कुणाला म्हणायचं याचा घोळ झाला तेव्हा केंद्रीय मंडळानं ४ सप्टेंबर २०१८ ला एक परिपत्रक काढलं, क्रमांक ५७. त्यातली कसोटी अशी, की विकणारा मधला माणूस बिल स्वतःच्या नावानं देतो की मालकाच्या नावानं. आमच्या यार्डातले आडते तेव्हा ते परिपत्रक घेऊन सीएंच्या दारात उभे होते.

आता ज्या कामामुळं हे लिहायला बसलो ते सांगतो. एक हळदीची उत्पादक कंपनी, वसमत भागातली. वसमतच्या हळदीला जीआय मानांकन आहे, म्हणजे नाव विकतं. संचालकांच्या ओळखीतून लातूर जिल्ह्यातले काही बचतगट जोडले गेले: शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला, ज्वारीच्या पापड्या. आणि पाहुण्यांच्या नात्यातून पैठणचे काही विणकर. सगळ्यांचं मिळून एक पोर्टल करायचं ठरलं. पण पहिल्याच बैठकीत एक विणकर म्हणाले, "आमची पैठणी पापडाशेजारी मांडूने. बाईमाणूस तीस हजाराची साडी बघायली अन् बाजूला चटणीचा फोटो, हे बरं दिसत नाही." खरंच होतं. म्हणून पैठणीचं वेगळं दुकान, वेगळ्या डोमेनवर, मराठी-इंग्रजी दोन्हीत. खाण्याच्या मालाचं वेगळं. वर संचालकांची हौस अशी, की किराणावाल्यांसाठी तिसरं, त्यात ठोक भाव. मागचं गोदाम, साठा आणि हिशोब मात्र एकच हवा. तेव्हा एकाच कामात मल्टिव्हेंडरही आलं आणि मल्टि-स्टोअरफ्रंटही. लोक या दोन गोष्टी एकच समजतात. एकात विकणारे अनेक, दुसऱ्यात दर्शनी दुकानं अनेक. एकात पट्टीचं डोकं लागतं, दुसऱ्यात साठ्याचं.

सॉफ्टवेअर उघडायच्या आधी मी बिलाचा कागद काढला. बचतगटाच्या बायकांकडं जीएसटी नंबर नाही. उलाढाल ४० लाखांच्या खूपच आत, घ्यायची गरजही नाही. पण ऑनलाइन बाजारातून माल विकायचा तर पूर्वी उलाढाल कितीही असो, नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून यात सूट मिळाली: लहान विक्रेत्याला जीएसटी नंबराशिवाय, पॅनवर घेतलेल्या एनरोलमेंट नंबरावर, ऑनलाइन बाजारातून विकता येतं. अट एकच आणि तीच नडणारी: विक्री आपल्याच राज्यात. म्हणजे चटणी ठाण्याला जाईल, नागपूरला जाईल. हैदराबादला जाणार नाही. आता लातूरकराला हैदराबाद किती जवळ हे मी सांगायला नको. आपली निम्मी पाहुणेमंडळी तिकडं.

दुसरा अडसर माझ्या बायकोनं दाखवला, मला सुचला नव्हता. ग्राहक संरक्षणाचे २०२० चे ई-कॉमर्स नियम म्हणतात, की बाजार चालवणाऱ्यानं विक्रेत्याचं नाव, पत्ता, ग्राहकसेवेचा नंबर साइटवर दाखवला पाहिजे. ग्राहकाच्या दृष्टीनं नियम रास्त आहे. पण गटाचा पत्ता म्हणजे एका ताईंचं राहतं घर आणि नंबर म्हणजे त्यांचा घरचा मोबाइल. "रात्री अकराला कोणी फोन केला तर ती बाई काय करणार?" बायकोनं विचारलं.

म्हणून खाण्याच्या मालासाठी आडत सोडली. कंपनीनं गटांकडून माल विकत घ्यायचा आणि आपल्या नावानं विकायचा. पाकिटावर बनवणाऱ्या गटाचं नाव राहतंच, ते पॅकिंगच्या नियमानुसार लागतंच. पण विक्रेता कंपनी, बिल कंपनीचं, तक्रार कंपनीकडं. माल हैदराबादला जातो. बायकांना माल दिल्याच्या आठवड्यात पैसे मिळतात, साडेतीनशे ग्रॅमचं पाकीट कुणी परत केलं तर त्यांचा जीव टांगणीला लागत नाही. आणि या दुकानाला मल्टिव्हेंडर लागतच नाही. साधं दुकान आणि टॅलीत खरेदीची खाती, संपलं. माझ्याकडं येणाऱ्यांतले निम्मेअधिक लोक असेच असतात. त्यांना हवी असते खरेदीची शिस्त, मागतात मल्टिव्हेंडर.

पैठणीचं प्रकरण वेगळं. विणकराला त्याचं नाव साडीसोबत जायला हवं, किंमत त्यानं ठरवायची आणि कंपनीकडं तीस-तीस हजारांच्या साड्या विकत घेऊन ठेवायला भांडवल नाही. तिथं आडतच पाहिजे. पैठणीची गिऱ्हाइकं बंगळुरूत, हैदराबादेत, म्हणून विणकरांनी जीएसटी नंबर घेतलेच.

एक पट्टी इथं उलगडून दाखवतो, कारण कुठल्याही डेमोत ती कोणी दाखवत नाही. साडी २१,००० रुपयांना गेली. त्यात ५ टक्के जीएसटी, म्हणजे करपात्र किंमत २०,००० आणि कर १,०००. कंपनीचं कमिशन १० टक्के, २,०००. या कमिशनवर कंपनीला १८ टक्के जीएसटी लावावा लागतो, ३६०. बाजार चालवणाऱ्यानं विक्रेत्याच्या पैशातून टीसीएस, म्हणजे त्याच्या नावानं सरकारात भरायचा जीएसटीचा वाटा, कापायचा. तो आधी १ टक्का होता, १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का आहे, म्हणजे १०० रुपये. आयकराचा टीडीएस आहे ०.१ टक्के, १ ऑक्टोबर २०२४ पासूनचा दर. पण विणकर वैयक्तिक, वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत आणि पॅन दिलेला, म्हणून शून्य. विणकराच्या हातात १८,५४०. पुढं १,००० रुपये कर त्यानं आपल्या रिटर्नमध्ये भरायचा, त्यात हे ३६० आणि १०० त्याला वळते करून घेता येतात. कुरिअर वेगळं.

पहिल्यांदा हा कागद विणकरांपुढं ठेवला तेव्हा एक आजोबा म्हणाले, "एवढं कापलंय तर व्यापाऱ्याला दिलेली काय वाईट?" त्यांना पट्टीतला वळता होणारा भाग वेगळ्या रंगात दाखवावा लागला. सॉफ्टवेअरमध्ये हा भाग असाच सुटा दिसला पाहिजे: कमिशन, कमिशनवरचा कर, टीसीएस, टीडीएस, कुरिअर, प्रत्येकाची वेगळी ओळ. परदेशात तयार झालेल्या बहुतेक मल्टिव्हेंडर सॉफ्टवेअरमध्ये "कमिशन" आणि "देय रक्कम" एवढ्या दोनच ओळी असतात. बाकीचं आपण बसवून घ्यायचं. आणि महिना संपला की १० तारखेच्या आत जीएसटीआर-८, म्हणजे त्या टीसीएसचं रिटर्न, भरायचं असतं, त्यात विक्रेतावार विक्री आणि परत आलेला माल वजा करून निव्वळ आकडा लागतो. तो अहवाल एका बटणात निघत नसेल तर दर महिन्याला माझ्यासारखा माणूस एक्सेल घेऊन बसणार आणि त्याची फी लावणार. माझी ना नाही.

आता सॉफ्टवेअरं. आम्ही काय काय पाहिलं ते भराभर सांगतो, जिथं थांबावंसं वाटतं तिथं थांबतो.

वूकॉमर्स, म्हणजे वर्डप्रेसच्या साइटवर दुकान चालवणारं सॉफ्टवेअर, आणि त्यावर विक्रेते जोडणारं डोकान, हा सगळ्यात स्वस्त आणि ओळखीचा रस्ता. वूकॉमर्स २०११ मध्ये आलं, २०१५ पासून वर्डप्रेसवाल्या ऑटोमॅटिककडं आहे. डोकान बांगलादेशातल्या लोकांनी केलंय आणि चांगलं केलंय. एका ऑर्डरीत तीन विक्रेत्यांचा माल असला तर मुख्य ऑर्डरीखाली तीन उपऑर्डरी आपोआप फुटतात, प्रो आवृत्तीत रेझरपे या पेमेंट कंपनीवरून पैसे विभागायची सोय आहे. वर्डप्रेस जाणणारी पोरं लातुरात, नांदेडात कुठंही मिळतात, ही मोठी जमेची बाजू. एकच दुकान आणि विक्रेते अनेक, तर मी डोळे झाकून हेच सांगेन. अडतं ते अनेक दुकानांवर. वर्डप्रेस मल्टिसाइटमध्ये प्रत्येक साइटचे डेटाबेसातले तक्ते वेगळे असतात. म्हणजे साठा वेगळा. एका दुकानात साडी विकली गेली हे दुसऱ्याला कळवायला मधे आणखी एक प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा प्रोग्रॅम. हळदीच्या पाकिटांत एखादं इकडंतिकडं चालतं. पैठणी एकच असते. त्या रंगाची, त्या काठाची, आसावली पदराची ती साडी मागावरून उतरली तेव्हाच तिचा साठा एक होता. ती दोघींना विकली तर दुसरीला काय सांगणार, चार महिने थांबा?

शॉपिफाय चालवायला सर्वांत सोपं. सर्व्हरची कटकट नाही, रात्री साइट पडली म्हणून फोन नाही. पण त्यांचं स्वतःचं पेमेंट भारतात नाही, म्हणून पैसे घ्यायला बाहेरचा गेटवे लावला की योजनेनुसार वरून टक्केवारी लागते. दुसरं दुकान म्हणजे दुसरी वर्गणी. विक्रेते जोडायचे तर बाहेरचं ॲप, त्याचं भाडं वेगळं. एकट्या ब्रँडला, एका मालाला उत्तम. आमच्या हळदीवाल्यांचं एकटं काम असतं तर तेच घेतलं असतं.

मॅजेंटोबद्दल मला आदर आहे. अनेक दुकानांचं डोकं यांनीच नीट लावलं: वर वेबसाइट, तिच्याखाली स्टोअर, त्याखाली स्टोअर व्ह्यू. मालाची यादी एक, किंमत वेबसाइटप्रमाणे वेगळी ठेवता येते, भाषा व्ह्यूप्रमाणे. २०१८ च्या अखेरीला आलेल्या २.३ पासून साठ्याचे उगम वेगळे धरता येतात: वसमतचं गोदाम, लातूरची खोली, पैठणचे माग. कुठलं दुकान कुठल्या उगमातून माल घेईल हेही ठरवता येतं. कागदावर आमचं काम यात तंतोतंत बसत होतं. पण मल्टिव्हेंडर मूळ पॅकेजात नाही, बाहेरचं घ्यावं लागतं. शिवाय २.४ पासून शोधासाठी इलॅस्टिकसर्च किंवा ओपनसर्च सक्तीचं आहे, म्हणजे दणकट सर्व्हर. आणि जाणणारा माणूस पुण्याला किंवा हैदराबादला. ज्यांनी जुन्या मॅजेंटो १ वर दुकानं उभारली होती त्यांना ३० जून २०२० ला त्याचा आधार बंद झाल्यावर जवळपास नव्यानं बांधावं लागलं, हे मी जवळून पाहिलंय. २०१८ मध्ये अडोबीनं मॅजेंटो १६८ कोटी डॉलरना घेतलं, तेव्हापासून मोठ्या कंपन्यांकडंच त्यांचा ओढा आहे. महिन्याला शे-दीडशे ऑर्डरी असणाऱ्या कंपनीनं त्या वाटेला जाऊ नये.

प्रेस्टाशॉपमध्ये दुकानांचा गट करून साठा सामाईक ठेवायची सोय आहे, फार सुटसुटीत. ओपनकार्टमध्येही अनेक दुकानं मुळातच आहेत. दोन्हींत विक्रेत्यांचा भाग बाहेरून. बागिस्तो नोएडाच्या लोकांचं, लाराव्हेल या पीएचपीच्या चौकटीवर, मूळ मोफत, चॅनेल (म्हणजे दर्शनी दुकानं) आणि साठ्याचे उगम आत आहेत, विक्रेत्यांचा भाग विकत. लाराव्हेल येणारी पोरं आपल्याकडं बरीच, म्हणून हे माझ्या यादीत वरच्या अंगाला होतं.

शेवटी घेतलं सीएस-कार्टचं मल्टिव्हेंडर, ज्यात स्टोअरफ्रंटही येतात ती वरची आवृत्ती. कारण हे मुळात बाजार म्हणूनच बांधलेलं आहे, दुकानावर विक्रेते नंतर चिकटवलेले नाहीत. प्रत्येक स्टोअरफ्रंटला कुठले विक्रेते, कुठली भाषा, कुठली थीम हे ठरवता येतं. खाण्याच्या दुकानात एकच विक्रेता: कंपनी. पैठणीच्या दुकानात फक्त विणकर. साठा एकच. पैसे लागतात, आणि भारतातल्या करांच्या ओळी आम्ही लिहून घेतल्या. परवाना आणि हे जोडकाम यांचा खर्च एकत्र धरूनच तुलना करा. "मोफत" सॉफ्टवेअरवर सहा विकतचे प्लगइन चढवले की तेही मोफत उरत नाही.

पैसे विभागायचं सांगायचं राहिलं. गिऱ्हाइकाचे सगळे पैसे आपल्या चालू खात्यावर घ्यायचे आणि दर शनिवारी विक्रेत्यांना फोन-पे करायचे, असा अनेकांचा बेत असतो. दुसऱ्याचे पैसे असे गोळा करून वाटणं म्हणजे पेमेंट ॲग्रिगेटरचं काम, आणि त्याला रिझर्व्ह बँकेचे नियम लागू होतात. लहान कंपनीनं त्यात पडू नये. रेझरपेचं रूट, कॅशफ्रीचं ईझी स्प्लिट या सोयी त्यासाठीच आहेत. विक्रेत्याचं केवायसी त्यांच्याकडं होतं, पैसे मुळातच वाटले जाऊन त्याच्या खात्यावर जातात. रूटमध्ये विक्रेत्याचा वाटा काही दिवस रोखून धरता येतो. तो परतीची मुदत संपेपर्यंत धराच. नाहीतर साडी परत आली आणि पैसे आधीच गेले, की विणकराच्या खात्यात वजा आकडा दिसतो, आणि वजा आकडा पाहून माणूस पुढची साडी पाठवत नाही.

कूपनाचंही तसंच. समजा एका ऑर्डरीत दोन विणकरांचा माल आहे, २,५०० चा दुपट्टा आणि ५०० चा बटवा, आणि गिऱ्हाइकानं ३०० चं कूपन लावलं, किमान खरेदी २,००० अशा अटीचं. किमतीच्या प्रमाणात दुपट्ट्यावर २५० आणि बटव्यावर ५०. मग दुपट्टा परत आला. २,२५० परत करायचे, की उरलेली खरेदी किमान रकमेखाली गेली म्हणून बटव्यावरचे ५० सुद्धा काढून २,२०० द्यायचे? कमिशन कूपनाआधीच्या रकमेवर की नंतरच्या? सूट कंपनीनं सोसायची की विणकरानं? सॉफ्टवेअर यातलं काहीतरी एक आपल्या मनानं करत असतंच. ते काय करतं हे विकत घ्यायच्या आधी पाहा. आम्ही सरळ ठरवलं, कूपन कंपनीचं आणि तोटाही कंपनीचा, विणकराची पट्टी पूर्ण किमतीवर. भांडणं संपली.

मराठीचं म्हणाल तर, साइट मराठीत दिसते म्हणजे सॉफ्टवेअर मराठी जाणतं असं नव्हे. बिलाची पीडीएफ काढून बघा. पुष्कळ प्लगइन पीडीएफसाठी डॉमपीडीएफ वापरतात, त्याला देवनागरी अक्षरं जोडता येत नाहीत. "हिंगोली"ची वेलांटी ह च्या पुढं जाऊन पडते, "महाराष्ट्र"मधला ष्ट्र फुटून तीन तुकडे होतात. गिऱ्हाइकाच्या हातात असलं बिल गेलं तर तो साइटच खोटी समजेल. एमपीडीएफला हे नीट जमतं, म्हणून आम्ही बिलाचा साचा त्यावर बांधून घेतला. शोधाचंही तसंच: कोणी "ज्वारी" लिहितं, कोणी "जवारी", कोणी इंग्रजी अक्षरांत. समानार्थी शब्दांची यादी हातानं भरावी लागते. मी ती संध्याकाळी चहा घेत भरतो, मजा येते.

विक्रेत्यांसाठीचं डॅशबोर्ड हा डेमोतला सर्वांत देखणा भाग असतो: आलेख, रंगीत खुणा, मोबाइल ॲप. आमच्याकडचा अनुभव असा, की विणकर ते उघडत नाहीत. साडीचा फोटो व्हॉट्सॲपवर येतो, सोबत आवाजी निरोप: "ही मोरपंखी, काठ नारळी, अठ्ठावीस लावा." आमची पोरगी एक्सेलमध्ये भरते आणि एकगठ्ठा चढवते. म्हणून डॅशबोर्डपेक्षा सीएसव्हीनं, म्हणजे साध्या तक्त्याच्या फाइलीनं, माल चढवायची सोय किती मजबूत आहे ते पाहावं. आणि एक्सेलमधून जतन करताना सीएसव्ही यूटीएफ-८ हाच पर्याय निवडा, साधी सीएसव्ही केली की सगळं मराठी प्रश्नचिन्हांत जातं. मालाच्या प्रकाराप्रमाणे सक्तीचे रकाने ठेवता येतात का हेही महत्त्वाचं. खाण्याच्या मालाला एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) नंबर, निव्वळ वजन, एमआरपी, बनवणाऱ्याचा पत्ता, मूळ देश. यातला एक रकाना जरी रिकामा असला तरी सॉफ्टवेअरनं माल साइटवर जाऊच देऊ नये. हे काम माणसावर सोडलं की घाईत राहून जातं. आणि एक, ऑनलाइन खाद्यबाजार चालवणाऱ्याला उलाढाल कितीही असली तरी एफएसएसएआयचा केंद्रीय परवाना लागतो. छोट्या नोंदणीवर भागत नाही.

ठोक भावाचं तिसरं दुकान आम्ही काढलंच नाही. किराणावाला साइटवर येऊन ऑर्डर देत नाही, तो संचालकांना फोन करतो आणि उधारी मागतो. उधारीला चेकआउट पान नसतं.

सध्या घोळ चाललाय ओएनडीसीचा. सरकारच्या पुढाकारानं ३१ डिसेंबर २०२१ ला ही कंपनी स्थापन झाली, कल्पना अशी की विक्रेता एका ॲपवर नोंदवलेला आणि गिऱ्हाईक दुसऱ्याच ॲपवर, तरी सौदा व्हावा. संचालकांना लगेच जोडायचंय. तिथल्या अर्जात पहिल्याच पानावर विचारतात: स्वतःचा साठा विकणारे तुम्ही, की इतरांचा माल मांडणारे? दोन्हींचे नियम वेगळे. हळदीसाठी आम्ही स्वतःच्या साठ्यावर खूण करून अर्ज भरायला घेतलाय. पैठणी तूर्त बाहेर. तिथल्या ॲपांवर गिऱ्हाईक भाव पाहून बोट फिरवतं, आणि यंत्रमागावरच्या नकली साडीशेजारी हातमागाची मांडायला विणकर तयार नाहीत. मलाही ते पटतं.